एकने सुरू होणारी गाडी

१० फेब्रुवारी, सोमवार. दौंड

आज पुन्हा यवतला लूपवर, म्हणजे मुख्य रूळ सोडून बाजूच्या रुळावर. गाडी उभी, पंखे बंद, आणि शेजारच्या रुळावरून कुठलीशी काळ्या काचांची एक्स्प्रेस आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. आमच्या डब्यातल्या एकाने खिडकीतून गुटख्याची पिंक टाकली. वाऱ्याने ती मागच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या बाहीवर आणून सोडली. तो माणूस बाहीकडे पाहून हसला. हसला! मला गुटख्यापेक्षा त्या हसण्याची जास्त किळस आली. या लोकांच्या अंगावर धूळ उडवा, थुंका, त्यांना तासभर उभं करा, ते हसतात आणि मोबाईल काढतात.

विमा कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत होते तोवर याच गाडीने जा-ये केली. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. आता हडपसरच्या दातांच्या डॉक्टरकडे दर सोमवारी खेटे घालायचे आहेत. खालचे दात गेले, जीभ शाबूत आहे, असं आमचे शेजारी बापूसाहेब म्हणतात. त्यांना वाटतं हा विनोद आहे.

बरोबर प्रगती होती. दौंडला शिकायला आली, तेव्हापासून माझ्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहते. भीमेच्या पलीकडची, न्हावऱ्याकडची पोर. हडपसरच्या एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, पण अजून कच्ची. दसऱ्यापर्यंत प्रोबेशन. अंगठा लावायच्या यंत्रावर उशिराची नोंद झाली की तिच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि अलीकडे त्या पडलेल्याच असतात.

"आत्या, आज पण लेट मार्क."

"यंत्राला सांग, गाडी लूपवर होती."

"यंत्र ऐकत नाही आत्या, आणि यंत्राच्या मागे बसलेली बाई त्याहून ऐकत नाही. ती म्हणते, पक्की व्हायचं असेल तर वेळेवर या. नाहीतर वडिलांना सांगा स्थळ बघायला."

स्थळ बघून झालं आहे. सणसवाडीच्या कुठल्या कंपनीत मुलगा आहे म्हणे. पोरगी त्याबद्दल बोलत नाही, मी विचारत नाही.

केडगावच्या आसपास कुठेतरी तिची आई चढते. धुरपदा. बांबूच्या हाऱ्यात शेवंती, डोक्यावर गाठोडं, मागून तशाच चार-पाच जणी. आम्ही डब्यातल्या नोकरदार बायका त्यांना पूर्वीपासून 'केडगावच्या बायका' म्हणतो. धुरपदा हडपसरला फुलं विकते. चढल्या चढल्या लेकीच्या हातात डबा देते. लेक गाडीतच अर्धी भाकरी खाते. पीठ मळायला तिला सकाळी वेळ नसतो आणि माझ्या हातचं तिला आवडत नाही. हे दुसरं तिने सांगितलेलं नाही, मला कळतं.

"आजबी लूपात?" धुरपदाने विचारलं.

"आजही. तुम्हाला राग येत नाही?"

"राग यून कुनाला सांगू, बाई? फुलं कोमेजत्यात तवा जीव तुटतो. पन थांबती तरी. पोरीचा बाप लुनावर आनून बाभळीखाली सोडतो, तितं फलाट बी धड न्हाई, खडीवरनं हारा वर द्यायला लागतो. तरी थांबती बिचारी."

बिचारी! गाडीला बिचारी म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. ही गुलामीची सवय आहे, दुसरं काही नाही.


१५ फेब्रुवारी, शनिवार

बापूसाहेब आले. हे रोज माझं वर्तमानपत्र वाचायला येतात, कारण स्वतःचं घेणं त्यांना उधळपट्टी वाटते. रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते, म्हणजे कुठली गाडी पुढे काढायची आणि कुठली बाजूला ठेवायची हे टेबलाशी बसून ठरवणारे. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अजून आमच्या गल्लीतल्या रिक्षांना हाताने सिग्नल देतात.

मी विचारलं, आमचीच गाडी का रोज लूपवर?

"शालनताई, गाडीचं नाव बघायचं नसतं. नंबर बघायचा." आणि माझ्या कोऱ्या टेबलक्लॉथवर नखाने आकडे काढायला लागले. पहिला आकडा एक किंवा दोन म्हणजे लांब पल्ल्याची मेल-एक्स्प्रेस. त्यात दुसरा आकडा दोन असेल तर सुपरफास्ट. पाच म्हणजे साधी पॅसेंजर. सहा-सात म्हणजे ज्यांच्या डब्यातच मोटर असते त्या. शून्य म्हणजे स्पेशल, सणासुदीची.

"आमची?"

"पाच." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू मी नापास झाले.

"आणि आधी वाट कुणाला?"

"सगळ्यांत आधी अपघाताला मदत घेऊन जाणारी गाडी. मग राष्ट्रपतींची वगैरे. मग राजधानी, सुपरफास्ट, मेल-एक्स्प्रेस. शेवटी तुमची पॅसेंजर. तिच्याखाली मालगाडी. आणि वीजकेंद्रातला कोळसा संपत आला की ती मालगाडीसुद्धा तुमच्या पुढे."

"म्हणजे आम्ही जिवंत आहोत तोवर कोळशाच्या खाली, आणि मेलो की राष्ट्रपतींच्या वर."

ते इतके हसले की चहा सांडला. मग दौंडचा कोड डीडी, दोनच अक्षरांचा, कसा खानदानी आहे, हॉल्टना कशी कुठलीतरी उरलेली अक्षरं चिकटवतात, यावर भाषण झालं. मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. पाच.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना मठ्ठ मुलींना मागच्या बाकावरून उचलून पुढच्या बाकावर आणून बसवायच्या. "बाक बदला, मुलगी बदलते," म्हणायच्या. आमच्या केंदूर गावाहून आले तेव्हा मला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि बोर्डिंगमधल्या मुली माझ्या तेल लावलेल्या वेणीला हसायच्या. मला पुढे बसवलं. वर्ष संपेपर्यंत हसणं बंद झालं होतं.

आमच्या गाडीचा बाक बदलला पाहिजे.


३ मार्च, सोमवार

प्रवासी संघाकडे गेले. अध्यक्ष सत्यजीत. प्लॉटिंगचा धंदा, गळ्यात साखळी, चौकाचौकात त्याचे फलक. स्वतः तो गाडीने कधी जात नाही, त्याला मोटार आहे. भिंतीवर वाढदिवसाचे एवढे फोटो की देवाला जागा उरलेली नाही.

"मॅडम, तुम्ही इंग्लिशमदी असा अर्ज टाका की सायेब खुर्चीत ताठ बसला पायजे. पुढचं आपन बगतो. तुमचं इंग्लिश आन् आपली वळख."

त्याच्या ओळखीचा मला तिटकारा आहे. पण नुसत्या अर्जाने इथे पिंपळाचं पान हलत नाही, हेही कचेरीत आयुष्य घालवून मला ठाऊक आहे. अर्ज लिहिला. मागणी एकच: या गाडीला पॅसेंजरच्या जागी एक्स्प्रेसचा क्रमांक द्यावा.

लिहिताना क्षणभर वाटलं, हे इतकं सोपं असेल का? मग वाटलं, सोप्या गोष्टी कुणी मागतच नाही म्हणून होत नाहीत.


२१ एप्रिल, सोमवार

गाडीत सह्या गोळा केल्या. केवढा आळस या लोकांत! एकाने सहीच्या जागी हृदयाचं चित्र काढलं. एकीने विचारलं, "भाडं वाढंल का?" मी म्हटलं, "वाढलं तर वाढलं, निदान माणसासारखं जाऊ." ती खिडकीबाहेर पाहायला लागली. सही केली, पण माझ्याकडे न पाहता.

धुरपदाकडे कागद दिला तर तिने आधी हात लुगड्याला पुसले.

"कशासाटी हाय, बाई?"

"गाडी एक्स्प्रेस होईल. लूपवर उभी राहणार नाही. तुमच्या लेकीची नोकरी पक्की होईल."

"आन् आमी?"

"तुमची फुलं ताजी पोचतील."

तिने सही केली. नुकतीच शिकलेली सही, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखी. बाकीच्या जणींचे अंगठे घेतले. धुरपदा त्यांना म्हणाली, "द्या गं, बाई शिकलेल्या हायेत. आपल्या मुळावर यील असं करायच्या न्हाईत."

प्रगती काहीतरी बोलणार होती. मग डब्याचं झाकण लावत बसली.


१४ मे, बुधवार

सत्यजीतबरोबर पुण्याला रेल्वेच्या कचेरीत. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पिंकांची नक्षी. त्यावर देवांच्या फरशा लावल्या आहेत, म्हणजे लोक थुंकणार नाहीत. लोक देवांच्या खाली, उरलेल्या चार बोटं जागेत, नेम धरून थुंकतात.

साहेब मात्र तरुण आणि सभ्य निघाला. अर्ज दोनदा वाचला. ताठ बसला की नाही ते टेबलामुळे दिसलं नाही.

"मॅडम, असा प्रस्ताव आमच्याकडेही आहे. होऊ शकतं. पण एक्स्प्रेस केली की काही छोटे थांबे जातील. संघाची हरकत नाही ना?"

सत्यजीतने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "दौंड राहील? हडपसर राहील? केडगाव?"

"मोठी स्टेशनं राहतील."

"मग हरकत कशाला? कुठल्या तरी ओसाड हॉल्टवर दोन शेळ्या आणि एक म्हातारा चढतो, त्यासाठी हजार माणसांनी रखडायचं?"

साहेब हसला. सत्यजीत तर मांडीवर थाप मारून हसला. परतताना सगळा रस्ता तो माझं वाक्य फोनवर लोकांना ऐकवत होता. आपल्या वाक्याला लोक हसले की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण सत्यजीतच्या तोंडून ते तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा ते वाक्य मला चघळून टाकलेल्या उसासारखं वाटलं.


२२ जुलै, मंगळवार

काही हालचाल नाही. नवी कवळी बोचते. प्रगतीला दवाखान्याने ताकीद दिली आहे. आणखी उशीर झाला तर दसऱ्याला निरोप. परवा ती जिन्यात बसून रडत होती. मला पाहून म्हणाली, "काही नाही आत्या, डोळ्यांत केमिकल गेलं." केमिकल दवाखान्यात असतं, माझ्या जिन्यात नसतं. मी तिला चहा दिला आणि सत्यजीतला फोन करून इतकं बोलले की त्याने शेवटी "व्हय मॅडम, व्हय मॅडम" म्हणत फोन ठेवला.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

मंजूर! पहिला आकडा एक. एक ऑक्टोबरपासून. प्रवासाचा वेळ बराच कमी झाला आहे आणि यवतला लूप नाही. सत्यजीतने मोबाईलवर कागद पाठवला. अक्षरं मुंगीएवढी. मी क्रमांक पाहिला, दौंडची वेळ पाहिली, हडपसरची वेळ पाहिली. प्रगती अंगठा लावून वर चहा पिऊ शकेल.

बापूसाहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. "हं. गाडी सडसडीत केली आहे," म्हणाले. त्यांना दुसऱ्याचं यश कधी पचलं आहे?

संध्याकाळी प्रगती आली. आनंद झालाच तिला, डोळे चमकले. मग विचारलं, "आत्या, बोरमळ्याला थांबेल ना?"

"कुठे?"

"बोरमळा हॉल्ट. पाटसच्या पुढे."

मी तेव्हा सत्यजीतच्या फलकाचा मजकूर दुरुस्त करत होते. त्याने 'अविरत प्रयत्नांना यश' यातल्या प्रत्येक शब्दात एक चूक केली होती. "थांबेल गं थांबेल," मी म्हटलं. "तुला आता सगळ्या हॉल्टची काळजी कशाला? तू तुझ्या यंत्राची काळजी कर."

"तसं आईला सांगू?"

"सांग."


३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. शस्त्रं, यंत्रं, गाड्या पुजायचा दिवस, आणि सत्यजीतने नेमका तोच मुहूर्त साधला आहे. इंजिनाला झेंडूचा हार घालायचा. तो कुठल्यातरी दुकानातून मागवणार होता. मी म्हटलं, मुळीच नाही. हार धुरपदाकडून येईल. या गाडीने जाणाऱ्या बाईच्या शेतातला झेंडू या गाडीच्या इंजिनावर.

म्हस्कू हार घेऊन आला, लुनावर. प्रगतीचा बाप. एवढा जाड हार की लुना दिसत नव्हती, झेंडूच चालत आल्यासारखा वाटत होता. पैसे द्यायला लागले तर दोन पावलं मागे सरकला.

"ती म्हनली, पैसं घेतलं तर घरात पाऊल टाकू नगंस. बाईंनी आनलेली गाडी हाय. उद्या आमच्या समद्याजणी नटूनथटून यायच्यात. दसऱ्याचा झेंडू बी हाय ना, वर्साचा मोटा बाजार. हारं भरून ठिवल्यात."

हा माणूस मला आधी कधी इतकं बोललेला आठवत नाही.


१ ऑक्टोबर, बुधवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

नारळ फुटला. सत्यजीतने मला शाल पांघरली. शाल अशी चुरचुरीत की मानेला पुरळ येईल. ढोल वाजले. हार इंजिनाच्या कपाळावर खरोखर शोभत होता. गाडी वेळेवर सुटली.

प्रगती माझ्या समोर बसली होती. पाटस गेलं, गाडी थांबली नाही. मी सत्यजीतशी बोलत होते. प्रगती उठून दाराशी गेली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "आत्या, ही हळू का होत नाही?"

"होईल," मी म्हटलं.

भोंगा वाजला. लांब, न थांबणारा.

मी खिडकीतून पाहिलं. बाभूळ. तिच्याखाली लुना. खडीवर ओळीने हारे, केशरी-पिवळे, आणि हाऱ्यांमागे त्या बायका, नव्या लुगड्यांत. सगळ्यांत पुढे धुरपदा. तिच्या हातात ताट होतं. हळदकुंकू असावं, आणि दिवा. ती गाडीची पूजा करायला उभी होती. हसत होती. तिचाच हार कपाळावर घेऊन गाडी तिच्यासमोरून गेली. वाऱ्याने तिचा पदर उडाला. ताटाचं काय झालं ते दिसलं नाही.

त्या जागी मी नोकरीची सगळी वर्षं रोज थांबले आहे. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. वर पाहिलं की डब्यात फुलं असायची.

यवतला लूपवर दुसरीच एक गाडी उभी होती. आम्ही तिच्या अंगावर धूळ उडवत गेलो. सत्यजीतने टाळ्या वाजवल्या, सगळ्या डब्याने वाजवल्या.

प्रगती हडपसरपर्यंत दारातच होती. वेळेवर पोचली.


५ ऑक्टोबर, रविवार

प्रगती पक्की झाली. पेढे घेऊन आली. खोलीत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहून पुडा पुढे केला.

"आईनं सांगितलंय तुम्हाला आधी द्यायला."

"त्या दिवशी झेंडूचं काय झालं?"

"टेम्पो मिळेपर्यंत दुपार झाली. बाजार उतरला होता. थोडा चौफुल्याला रस्त्यावर विकला. बाकीचा गुरांना घातला." मग म्हणाली, "गुरंही फार खात नाहीत झेंडू."

"अगं, मला वाटलं त्या केडगावला चढतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी उत्तर दिलं असतं, रागाला उत्तर देण्यात माझा हात कुणी धरत नाही. तिच्या चेहऱ्यावर तेवढीच माहिती घेतल्याची नोंद होती, रक्ताचा नमुना तपासल्यासारखी.

"बरं, मॅडम," म्हणाली आणि वर गेली.

मॅडम. पेढा तोंडात घातला आणि थुंकला. नळाखाली चूळ भरताना आरशात पाहिलं. गुटखेवाल्यांना मी काय काय म्हणत होते.


१३ ऑक्टोबर, सोमवार

बोरमळ्याचा थांबा परत द्या, असा अर्ज लिहिला आणि संघात गेले.

"मॅडम, आता हे काय नवीन?" सत्यजीत म्हणाला. "दौंडची पब्लिक खूश हाय. लोक रस्त्यात थांबवून हात मिळवत्यात. येका हॉल्टसाठी गाडी पुन्ना लेट करायची? तुमीच तर म्हनला व्हता, दोन शेळ्या आन् येक म्हातारा." आणि हसला. त्याला अजूनही ते वाक्य आवडतं.

सही केली नाही. संघातल्या कुणीच नाही. त्यात माझ्या डब्यातल्या बायका होत्या, माझ्याशेजारी बसून फुलं स्वस्तात मागणाऱ्या. एक म्हणाली, "त्यांचे हारे पायात यायचे हो, आता डबा कसा मोकळा वाटतो." मला तिच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. हातात माझाच अर्ज होता.

घरी आले तर बापूसाहेब वर्तमानपत्र घेऊन बसलेले.

"शालनताई, नंबर बघून थांबे ठरत नाहीत. थांबे काढले म्हणून तो नंबर मिळाला. एक्स्प्रेसला बोरमळा मागणं म्हणजे मुंडावळ्या बांधून न्हाव्याकडे जाणं."

"हे फेब्रुवारीत का नाही सांगितलं?"

"तुम्ही वाट आधी कुणाला ते विचारलंत. थांबते कुठे ते विचारलंच नाहीत."

"आणि सप्टेंबरात? कागद तुमच्या हातात होता!"

त्यांनी पान उलटलं. "मला काय, मी कुठे त्या गाडीने जातो?"

मी त्यांच्या हातातून वर्तमानपत्र काढून घेतलं. उद्यापासून स्वतःचं घ्या म्हटलं. ते गेल्यावर बराच वेळ मला त्या माणसाची शिसारी येत राहिली, आणि त्यातली किती त्याची आणि किती माझी हे मला वेगळं करता येईना. अर्ज एकटीच्या सहीने पाठवला.


१० नोव्हेंबर, सोमवार

उत्तर नाही. दाताच्या डॉक्टरला फोन केला, येत नाही म्हणून. रिक्षा करून बोरमळ्याला गेले. रिक्षावाल्याला हॉल्ट माहीत नव्हता. मीही नीट सांगू शकले नाही. शेवटी बाभूळ दिसली.

रुळांच्या कडेला खडीचा उंचवटा, एक गंजकी पाटी, वर बोरमळ्याचं नाव आणि खाली इंग्रजीत कोड, ज्यातली दोन अक्षरं उडाली आहेत. पाटीखाली बायका टेम्पोची वाट पाहत होत्या. धुरपदा शेवंतीवर ओलं फडकं टाकत होती. मला पाहून उठली.

"या बाई. बसाय काई न्हाई हितं."

पिशवीत सत्काराची शाल होती. ती खडीवर अंथरली आणि बसले. एक जण हसली. धुरपदाने तिला डोळ्यांनी दटावलं.

"केडगावला जाऊन चढता येणार नाही?"

"गेलतो की येकदा. लुनावर तीन खेपा. येकीच्या हाऱ्याचा रस्त्यातच चेंदा झाला. पोरीच्या बापाची पाठ धरली ती अजून सुटंना. आता टेम्पो. यील तवा यील, मागंल ते द्यायचं."

मी म्हटलं, "मी चुकले." ते शब्द माझ्या तोंडात त्या कवळीसारखे बसले, उसने आणि बोचणारे.

"चुकायचं काय त्यात," धुरपदा फडकं पिळत म्हणाली. "तुमी कवा उतरलाच न्हाई हितं. न उतरता कसं दिसंल?"

एवढंच. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी इतकी लहान झाले नसते.

नवा अर्ज काढला. सगळ्यांनी अंगठे दिले, पण यावेळी धुरपदाने आधी तो मला वाचायला लावला. अक्षर न् अक्षर. इंग्रजी वाचलं की म्हणायची, "आता मराटीत." एका ठिकाणी थांबवून म्हणाली, "हितं बोरमळ्याचं नाव येकदाच हाय. वर बी लिवा." मी लिहिलं. मग सही केली, एकेक अक्षर उचलून ठेवत.

तेवढ्यात रूळ वाजायला लागले. बायका उठून पुढे सरकल्या. चढायला नव्हे. धुरपदा खडीच्या अगदी कडेला गेली.

भोंगा. गाडी आली तशी गेली. मधल्या डब्याच्या दारात प्रगती उभी होती, दांडा धरून, दुसरा हात वर केलेला. रोज उभी असते म्हणे. धुरपदानेही हात वर केला होता. डोळ्याची पापणी लवावी एवढ्यात दोघींची भेट झाली आणि संपली. धुळीने शेवंती पांढरी झाली.

धुरपदाने हात खाली घेतला. मान वळवून गाडी गेलेल्या दिशेला पाहत राहिली. मग हाऱ्यावरचं फडकं झटकलं आणि माझं समाधान करावं तशी म्हणाली,

"येळंवर हाय बगा, बाई. रोज अगदी येळंवर."